भाड्याच्या घराची निगा

भाडेकरूने घर नीट ठेवावे असे म्हटले की आपल्यातील अनेकांना त्यात घरमालकाचा सूर ऐकू येतो. भाडे मालकाच्या खिशात जाते हे खरे. पण गळक्या छपराखाली निजतात ती भाडेकरूची मुले, हेही तितकेच खरे.

औरंगपुरा-गुलमंडीकडील जुनी माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. मृगापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप हाताने निघते तोवर उपटायचे. अशाच एका घरात प्रस्तुत लेखक भाड्याने राहत असे. माती मालकाने टाकावी की आम्ही, या वादात एक पावसाळा गेला आणि तुळई कुजली. मुळात प्रश्न चार पाट्या मातीचा होता!

कायदा या बाबतीत वाटतो तितका एकांगी नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःची वस्तू जशी वापरील तशी भाडेकरूने जागा वापरावयाची आहे. नेहमीच्या वापराची झीज त्याच्या माथी येत नाही. मात्र त्याने जागेची नासधूस केली, तर ती खाली करून घेण्याचे कारण मालकाला आयतेच मिळते. उलट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ सांगते की, वेगळा करार नसल्यास, दुरुस्ती मालकाने करावयाची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत त्याने ती केली नाही, तर भाडेकरूंनी एकेकट्याने वा मिळून ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा; मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

वाळूजच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारापुढे मात्र ते वाचून दाखवताना संकोच वाटतो. त्याच्या हाती असतो तो बहुधा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा कागद. कायद्याच्या लेखी तो भाडेकरूच नव्हे. मुदत उलटून राहिला तर दुप्पट शुल्काचा धनी. त्याने परक्या भिंतीला पदरच्या पैशाने गिलावा का करावा? उद्या काढून टाकले जाणारे कूळ शेताला बांध का घालील, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यामागे तोच प्रश्न होता. जमिनीच्या बाबतीत उमगलेले सत्य घराच्या बाबतीत आपण विसरलो.

तेव्हा तीन वर्षांच्या कराराची मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर निदान इतके व्हावे: खोली घेताना भिंती, नळ, दारे, वायरिंग यांची स्थिती दोघांच्या सहीने लिहून ठेवावी, म्हणजे सोडताना अनामतीवर मनमानी कात्री चालणार नाही. गळती दिसली त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावी. आणि ज्या शहराने वर्षानुवर्षे नळाचे पाणी दिवस मोजून भरले, तेथे वाहती टाकी बंद करायला मालकाची वाट कोणी पाहू नये. वाळूजच्या साथींनी येत्या मृगापूर्वी एका चाळीपासून या याद्या करायला घ्याव्यात.