गोणीवर न लिहिलेला घटक



आपल्या दावणीला काय पडते ते आपल्याला ठाऊक असते. कडबा आपल्याच वावरातल्या ज्वारीचा. ढेप सरकीची, आणि ती सरकी आपल्याच कापसातली. जाताना आपल्याला मिळालेल्या भावाने गेली आणि येताना व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने परत आली, हे दुखणे वेगळे. पण ढेपेत काय आहे हे विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. इंग्लंडमधल्या दूध-उत्पादक शेतकऱ्याला हे सुख नव्हते. तो खुराकाची गोणी आणत होता, गोणीवर प्रथिनांचा आकडा होता, आणि ती प्रथिने कशाची हे त्याला कोणी सांगत नव्हते.

डिसेंबर १९८४ मध्ये ससेक्स परगण्यातल्या एका गोठ्यात एका गाईची पाठ कमानीसारखी वाकली आणि ती वाळत चालली. पुढे तिचे डोके थरथरू लागले, पाय झोकांड्या खाऊ लागले, आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती मेली. अशा आणखी गाई निघाल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिज येथील सरकारी पशुरोग प्रयोगशाळेने निदान केले की हा गाईंमधला नवाच रोग आहे: मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडतात. शास्त्रज्ञांनी त्याला बी.एस.ई. म्हटले, वर्तमानपत्रांनी ‘मॅड काऊ’.

वेडी गाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिसाळलेले कुत्रे येते. हा तो रोग नव्हे. रेबीज विषाणूने होतो, चाव्यातून येतो, त्यावर लस आहे. इथे चावा नाही, विषाणू नाही, लसही नाही.

मग आहे काय? प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, ठराविक रीतीने घडी घातलेली. घडी बरोबर तर प्रथिन कामाचे. आपल्या व जनावरांच्या मेंदूत एक साधे प्रथिन असते. त्याची घडी चुकली की ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखेच वाकडे करते, ते त्याच्या शेजाऱ्याला. विरजणाचा एक थेंब सगळे दूध बदलतो तसे. फरक इतकाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात, इथे जिवंत असे काहीच नाही. आणि जे जिवंत नाही ते मारणार कसे? उकळले तरी टिकते, फॉर्मॅलिनमध्ये ठेवले तरी टिकते. अमेरिकेतील स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला ‘प्रायॉन’ नाव दिले. जंतूशिवाय संसर्ग ही कल्पना पुष्कळांना पटेना; १९९७ मध्ये त्यांनाच नोबेल मिळाले.

त्याआधी पापुआ न्यू गिनीत फोरे जमातीत ‘कुरू’ नावाचा असाच रोग होता. मेलेल्या आप्ताला मातीत टाकण्यापेक्षा आपल्यात सामावून घ्यावे, म्हणून त्याचे मांस व मेंदू खाण्याची त्यांची अंत्यविधीची रीत होती. त्यातून रोग फिरत राहिला. रीत थांबली, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तो झाला नाही. पण जुन्यांपैकी काहींमध्ये चाळीस वर्षांनंतरही उमटला. फोरे लोकांनी हे मायेपोटी केले होते. इंग्लंडमध्ये तेच गाईंना करायला लावले गेले, आणि तिथे कारण होते खर्चाचे.

कत्तलखान्यातले टाकाऊ अवशेष व हाडे शिजवायची, चरबी काढायची, उरलेले दळून मांस-हाडांचा चुरा करायचा. सोयाबीनची आणि मासळीची पेंड महाग पडली की खुराकाच्या कारखान्यांना हा चुरा परवडे. म्हणजे गवत खाणाऱ्या गाईला गाय खायला घातली गेली. शिजवण्याचे तापमान कमी केल्यामुळे रोग पसरला असे पुष्कळ वर्षे छापले जात होते. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीने ऑक्टोबर २००० च्या अहवालात ते अमान्य केले: शिजवण्याची कोणतीच पद्धत हे विष पुरते नष्ट करू शकत नव्हती. याचा अर्थ, चूक भट्टीत नव्हती. गाईचे गाईलाच घालण्याच्या त्या फेऱ्यात होती.

आता सरकारचा कारभार पाहा. कारण सापडल्यावर १८ जुलै १९८८ पासून हा चुरा गाई-मेंढ्यांना घालण्यावर बंदी आली, तीही साठा संपवायला पाच आठवड्यांची सवलत देऊन. डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात मात्र तो चालूच राहिला. त्याच गिरण्या, तीच यंत्रे, तेच ट्रक. परिणाम असा की बंदीनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गाईंना रोग झाला.

आणि भरपाई? ऑगस्ट १९८८ पासून रोगी ठरलेल्या गाईचा निम्मा भाव. मारल्यावर तपासणीत ती निरोगी निघाली तर पूर्ण! म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे रोगी जनावर दाखवले त्याचा निम्मा पैसा बुडाला, आणि जो लक्षणे दिसताच गुपचूप बाजारात नेईल त्याला पूर्ण भाव. रोग दडवायला यापेक्षा चांगले आमंत्रण कोणते? पूर्ण भरपाई फेब्रुवारी १९९० मध्ये आली. आमचे मत स्पष्ट आहे: साथीत मारलेल्या जनावराची पूर्ण किंमत पहिल्या दिवशी देणे ही शेतकऱ्यावरची मेहेरबानी नसते, तो रोग आटोक्यात आणण्याचा खर्च असतो. औषधाच्या खर्चात जो हात आखडत नाही त्याने इथेही आखडू नये.

१९९२ या एका वर्षात ३७ हजारांवर गाई रोगी निघाल्या. तरी माणसाला धोका नाही, हे पालुपद चालू होते. १९९० मध्ये तर कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या लहान मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला. २० मार्च १९९६ रोजी त्याच सरकारने संसदेत सांगितले की दहा माणसांना झालेला मेंदूचा नवा रोग बहुधा या गाईंमुळेच झाला असावा. आठवड्याच्या आत युरोपने ब्रिटिश गोमांसाची निर्यात जगभर बंद केली. चाळीस लाखांहून अधिक गुरे मारून नष्ट करण्यात आली, त्यांतली बहुतेक निरोगी. त्या रोगाने ब्रिटनमध्ये १७८ माणसे गेली, बरीच विशी-तिशीतली. फिलिप्स समिती म्हणते, सरकार मुद्दाम खोटे बोलले नाही. लोक घाबरतील या भीतीने धीर देत राहिले. असेलही. पण गिऱ्हाईक घाबरू नये म्हणून जे झाकले, ते उघडे पडल्यावर गिऱ्हाईक दहापट घाबरले, आणि गोठा रिकामा झाला तो शेतकऱ्याचा. गोणी शिवणाऱ्याचा नव्हे.

आपल्याकडे हा रोग आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारताला नगण्य धोक्याच्या देशांत धरले आहे, आणि दुधाळ जनावरांना गाई-डुकरांच्या मांस-हाडांचा चुरा घालायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे. दुधातून हा रोग पसरल्याचे कुठे दिसलेले नाही. तेव्हा कोणी दूध सोडू नये, गाय विकू नये.

पण कडब्याची पेंढी महाग झाली की आपल्याही दारात तयार खाद्याच्या गोण्या येतात. त्यावर लिहिलेले ‘क्रूड प्रोटीन’ नीट समजून घ्या. प्रयोगशाळेत प्रथिन मोजत नाहीत, नत्र मोजतात, आणि त्याला सव्वासहाने गुणतात. त्या आकड्यात सरकी, शेंगदाणा, सोयाबीन सगळे सारखे, इतकेच काय, युरियासुद्धा प्रथिन म्हणून खपतो. आकडा खरा असून गोणी मुकी असू शकते. नियम आहे, एवढ्यावर आम्ही समाधान मानणार नाही. कोणता घटक किती टक्के, हे गोणीवर मराठीत छापले पाहिजे, म्हणजे नियम पाळला की नाही हे गोठ्यातच कळेल.

जिल्हा बैठकीला येताना घरातल्या रिकाम्या गोणीवरचे लेबल कापून आणा. सरकीची निव्वळ ढेप घालत असाल तर तिचा या महिन्यातला भाव चिठ्ठीवर लिहून आणा. लेबले एकत्र लावून जिल्हा पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे द्यायची आहेत, आणि त्यांच्याकडून प्रत्येक लेबलावर एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर घ्यायचे आहे: यात प्रथिन कशाचे?