वूफर घुमतोय? बोर्ड बदलण्याआधी कारण शोधा आणि शोधण्याचे पैसे घ्या!



होम थिएटर रिपेअरिंगचा व्यवसाय करणाऱ्यांकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार कोणती? "वूफरमधून घूंऽऽ आवाज येतोय." आणि बरेच जण लगेच काय सांगतात? "बोर्ड गेलाय, नवीन टाकावा लागेल." माझं स्पष्ट मत आहे, धंदा बुडवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

का? समजा दोष केबलमध्ये आहे आणि तुम्ही ॲम्प्लिफायर बदलला. नवा ॲम्प्लिफायरही तसाच घुमणार! ग्राहकाचे पैसे गेले आणि गावात तुमचं नाव गेलं. छोट्या गावात नाव एकदा गेलं की परत मिळवणं अवघड असतं.

मग करायचं काय? पाच मिनिटांची तपासणी, तीही ह्याच क्रमाने.

१) आवाज कधी येतो ते विचारा. गाणं बंद असतानाही सतत घूं येत असेल तर प्रश्न इलेक्ट्रिकल आहे. फक्त गाण्याच्या ठोक्यावर खरखर किंवा थरथर होत असेल तर बहुधा मेकॅनिकल.

२) इनपुटच्या पिना काढा. घूं थांबली? मग ॲम्प्लिफायर बहुधा ठीक आहे. दोष केबलमध्ये, टीव्हीत किंवा सेट टॉप बॉक्सकडे आहे. पिना परत लावा आणि केबल टीव्हीची वायर बॉक्समधून काढून बघा. आवाज गेला तर तो ग्राउंड लूप. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, तरी राहिला तर आयसोलेटर लावा. पण प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. आवाज जाईल, पण घरच्यांच्या जिवाला धोका होईल.

३) पिना काढूनही घूं तशीच? आता बॉक्स उघडायचा. आपली लाइन ५० हर्ट्झची. ब्रिज रेक्टिफायरनंतर तिची १०० हर्ट्झची लहर होते आणि ती सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. तो फुगला किंवा सुकला की लहर थेट वूफरमध्ये येते. हात घालण्याआधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करा.

४) कोन एका बाजूला ढकललेला दिसतोय आणि जोरात घूं येतेय? लगेच बंद करा! आउटपुट शॉर्ट होऊन स्पीकरवर डीसी येत असावा. दोन मिनिटं "ऐकून बघू" म्हणाल तर कॉइलही जळेल.

५) फक्त गाण्यावर खरखर? स्क्रू आवळा, जाळी काढून बघा, शोकेसच्या काचेवर हात ठेवा. मग सेट बंद करून कोन दोन्ही हातांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल घासतेय. कडेचा फोम फाटलाय का तेही बघा.

आता मुद्द्याचं बोलू. "नुसता स्क्रू आवळला, त्याचे पैसे कसे मागू?" हा प्रश्न मनात येतोच. अहो, पैसे स्क्रूचे नाहीत, कोणता स्क्रू ते ओळखण्याचे आहेत! तपासणी फुकट ठेवली की कमाई फक्त पार्टवर उरते. मग गरज नसताना पार्ट बदलायचा मोह होतो. माणूस वाईट नसतो, त्याचं दरपत्रक चुकीचं असतं.

म्हणून तपासणी फी ठेवा आणि ती फोनवरच सांगा. समजा २०० रुपये. रिपेअर केलं तर ती बिलात वजा करा. काही ग्राहक सुरुवातीला कुरकुर करतील, काही दुसरीकडे जातील. जाऊ द्या. जे थांबतील त्यांच्यासमोर पिन काढून दाखवा, घूं कशी थांबते ते त्यांच्या कानांनी ऐकू द्या. बदललेला पार्ट त्यांच्या हातात द्या. "ह्याने उगाच खर्च नाही लावला" हे वाक्य शेजारी पोचलं की वेगळ्या जाहिरातीची गरज कमी पडते.

आज एक काम करा. एका कागदावर ह्या पाच पायऱ्या लिहा, खाली तुमची फी लिहा आणि तो कागद दुकानात दर्शनी लावा. किती फी लिहिलीत ते कमेंटमध्ये नक्की सांगा!