जंगलाची डागडुजी कुणाच्या सहीने?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जंगलातल्या कामांचे प्रस्ताव निघतात, तेव्हा त्यांची भाषा ठरलेली असते. सलग समतल चर, माती नाला बांध, पाणवठे, जाळरेषा, रोपवन, तारेचे कुंपण, पर्यटकांसाठी कमान आणि निरीक्षण मनोरा. प्रत्येक कामापुढे हेक्टर, मीटर आणि रुपये. आमचा आक्षेप या कामांच्या यादीवर नाही. चर खोदले तर पाणी मुरते, जाळरेषा वेळेवर काढली तर वणवा थांबतो, हे आम्हालाही कळते. आमचा प्रश्न एवढाच आहे, की या यादीवर सही कुणाची? ज्या गावाची गुरे तिथे चरतात, ज्या बाया तिथून मोह आणि तेंदूपाने आणतात, त्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव कुठे आहे?

हा प्रश्न आमचा आजचा नाही. इंग्रज सरकारने १८७८ चा वन कायदा आणला. पाचच वर्षांनी महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला आणि त्यात जंगलखात्याला फैलावर घेतले. डोंगरदऱ्यांतली कुरणे खात्याने आपल्या हद्दीत ओढली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, ही त्यांची तक्रार होती. इंग्रज गेले. १९२७ चा भारतीय वन अधिनियम राहिला. खात्याची खाकी राहिली, आणि जंगल खात्याचे, गावकरी घुसखोर, ही समजूतही राहिली.

ही समजूत मोडण्यासाठी संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच कबुली आहे, की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. या कायद्याची चर्चा आपल्याकडे प्लॉटच्या पट्ट्यापाशी संपते. अमक्याला दोन एकर मिळाले, तमक्याचा दावा फेटाळला, बस. पण त्याच्या कलम ३(१)(झ) सारख्या तरतुदी वाचायला कुणी बसत नाही. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने गावाला दिला आहे. कलम ५ ने ग्रामसभेला त्यासाठी अधिकार दिले आहेत. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ग्रामसभेची समिती जंगलाचा व्यवस्थापन आराखडा तयार करते, ग्रामसभा त्याला मंजुरी देते आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी जोडला जातो. जोडताना काय बदल लागतील, हे ठरवण्याचा अधिकारही त्या समितीलाच आहे.

म्हणजे जंगलाच्या डागडुजीचा आराखडा गावात जन्मायला हवा आणि तिथून वर जायला हवा. प्रत्यक्षात तो वरून खाली येतो. गावाला कळते ते जेसीबी आल्यावर.

आता पैशाकडे पाहू. खाणी, धरणे, महामार्ग यांच्यासाठी जंगल तोडले, की तोडणाऱ्याकडून नुकसानभरपाईची रक्कम घेतली जाते. हा पैसा ‘कॅम्पा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निधीत जमा होतो. २०१६ मध्ये त्याचा कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी आले. हा पैसा कुणाचा? जंगल तुटले तेव्हा ज्यांची गुरे उपाशी राहिली, ज्यांचा मोह गेला, ज्यांचे झरे आटले, त्यांच्या नुकसानीची ती किंमत आहे. निदान त्यांना विचारून ती खर्च व्हावी, एवढी तरी अपेक्षा धरायची की नाही?

कायदा संसदेत असताना हाच मुद्दा निघाला होता. ग्रामसभेला नियमांत स्थान देऊ, असे आश्वासन तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी राज्यसभेत दिले. नियम आले आणि त्यात शब्द पडले ते असे: ग्रामसभा ‘किंवा’ ग्राम वन व्यवस्थापन समिती यांच्याशी सल्लामसलत. त्या एका ‘किंवा’ने सगळा कारभार उलटा केला. ग्रामसभा म्हणजे गावातली प्रत्येक प्रौढ बाई आणि प्रत्येक प्रौढ माणूस. समिती म्हणजे निवडक नावे आणि सचिवाच्या खुर्चीत वनखात्याचा कर्मचारी. खात्याने खात्याशीच सल्लामसलत करायची आणि तिला लोकसहभाग म्हणायचे. शिवाय सल्ला म्हणजे संमती नव्हे. सल्ला ऐकून फाईल बंद करता येते, ठराव विरोधात गेला तर काम थांबवावे लागते. म्हणूनच ठराव नको असतो.

पैसा असा खर्च झाला तर काय उगवते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट राज्य सरकारने जाहीर केले. जाहिराती झाल्या, फोटो निघाले. २०२१ मध्ये याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची वेळ आली. खड्डा मोजता येतो, रोप मोजता येते. तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत राहिलेले झाड मात्र गावाशिवाय कोण मोजणार? आणि रोप कोणते, हा प्रश्न वेगळाच. खानदेशच्या कोरड्या टेकड्यांवर अंजन, सालई, धावडा, मोह, चारोळी ही माणसाच्या आणि जनावराच्या उपयोगाची झाडे. आराखड्यात मात्र भराभर वाढणारी, जनावर तोंड लावत नाही अशी झाडे पुढे सरकतात, कारण ती हिशेबाला सोपी. गुराख्याला विचारले असते, तर यादी वेगळी झाली असती.

याहून गंभीर प्रकार आहे तो रोपवनाच्या आडून होणाऱ्या निष्कासनाचा. ज्या तुकड्यावरचा वनहक्क दावा प्रलंबित आहे, नेमका तोच तुकडा रोपवनाच्या नकाशात येतो. उभ्या पिकात चर खोदले जातात, ही तक्रार सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत ऐकू येते. कायद्याचे कलम ४(५) स्वच्छ सांगते, की दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला त्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येणार नाही. आणि आणखी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या वनहक्कांच्या उपभोगात अडथळा आणणे किंवा त्याचे पीक नष्ट करणे हा अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. चर ‘मृदसंधारणा’चा असला म्हणून गुन्हा धुऊन निघत नाही.

इथे आम्हाला उत्तर मिळेल: यावलचे जंगल बघा, अतिक्रमणाने काय झाले ते बघा, आणि मग गावाच्या हाती कारभार द्या म्हणा. प्रश्न खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. सातपुड्यातले सागवान तुटले, यावल अभयारण्याच्या मोठ्या पट्ट्यात कुऱ्हाड चालली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावल १९६९ पासून अभयारण्य आहे. सुमारे १७७ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश इतकी वर्षे कुणाच्या ताब्यात होता? नाके कुणाचे होते, बंदुका कुणाच्या होत्या? ज्या व्यवस्थेच्या देखत जंगल गेले, तिलाच ते दुरुस्त करण्याचा मक्ता द्यायचा आणि जंगल गेल्याचा ठपका मात्र पावरा आणि भिल्ल कुटुंबांवर ठेवायचा, हा कुठला न्याय?

उलट उदाहरण याच खानदेशात आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा. इथल्या आदिवासी गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून स्वतः नियम केले, तोडणाऱ्याला दंड लावला, पहारा ठेवला आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे केले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आदिवासींना ‘वनवासी’ म्हणणाऱ्या संघटनेशी त्यांचे नाते आहे आणि त्या शब्दाशी आमचे भांडण कायम आहे. मूलनिवासीला जंगलातला रहिवासी एवढाच ठरवून त्याचा इतिहास पुसण्याचे ते राजकारण आहे. पण बारीपाड्याचे जंगल कोणत्याही संघटनेच्या झेंड्याने वाढले नाही. ते गावाच्या नियमाने वाढले. सरकार बारीपाड्याच्या माणसाला दिल्लीत सन्मान देते आणि बारीपाड्याची पद्धत शेजारच्या गावाला द्यायला तयार होत नाही. यावर सरकारने बोलावे.

काही मित्र विचारतात, जंगलाचा प्रश्न आदिवासींचा, त्यात आंबेडकरी चळवळीचे काय काम? त्यांनी धुळ्याजवळच्या लळिंगला जावे. तिथल्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामाला होते. दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसे तिथे भीमस्मृती यात्रेला जमतात. आपले स्मृतिस्थळच वनजमिनीवर आहे. तिथे पाण्याची, रस्त्याची, सावलीची सोय व्हायला हवी, आणि ती कशी असावी हे यात्रेला येणाऱ्यांना आणि लळिंगच्या ग्रामसभेला विचारून ठरायला हवे.

पण नाते केवळ स्मारकाचे नाही. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी सरकारी पडीक जमिनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी राखून ठेवण्याची योजना मांडली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. आता वनहक्क कायद्याची अट बघा. आदिवासी नसलेल्या वननिवासीने तीन पिढ्यांचे, म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. म्हणजे पुरावा हवा १९३० चा! ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, ज्याच्या नावावर सातबारा कधी चढू दिला नाही, त्याच्याकडे १९३० चा कागद कुठून येणार? वृद्धांचा जबाब पुरावा म्हणून चालतो आणि विशिष्ट कागदाचाच आग्रह धरता येत नाही, हे नियमांत लिहिले आहे. तरी टेबलामागचा माणूस कागदच मागतो. दावा फेटाळला, की तीच जमीन ‘सुधारणेसाठी मोकळी’ ठरते. आदिवासी आणि बौद्ध, दोघांचीही वाट एकाच नकाशावर अडते.

आणि नकाशा मोठा होतो आहे. वन संरक्षण कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सफारी, प्राणिसंग्रहालय आणि आराखड्यात घेतलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधांना पूर्वमंजुरीच्या जाचातून सूट दिली. पर्यटकाच्या रिसॉर्टला वाट मोकळी झाली. मात्र वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याचे पाणी, रस्ता अशा १३ कामांसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, ही तरतूद सातपुड्यातल्या किती पाड्यांपर्यंत पोहोचली? सुधारणा हवीच असेल, तर तिथून सुरू करा. गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवावे लागते, तोवर कमानीचे कौतुक आम्हाला सांगू नका.

आमच्या मागण्या सरळ आहेत.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या वनजमिनीवरचे कोणतेही काम ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सुरू होऊ नये. ठरावाचा क्रमांक अंदाजपत्रकावर छापला जावा.

प्रलंबित दाव्यांच्या जमिनी रोपवनाच्या नकाशातून वगळाव्यात. फेटाळलेल्या दाव्यांची कारणे लेखी द्यावीत आणि ७५ वर्षांच्या अटीखाली अडलेल्यांची फेरसुनावणी व्हावी.

सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांचा निधी त्यांच्या ग्रामसभेच्या खात्यात जावा. कामाचा खर्च, मजुरी आणि जगलेल्या झाडांची संख्या गावाच्या चावडीवर मराठीत लागावी.

कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, की मोर्च्याची वाट पाहू नका. पुढच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, वनव्यवस्थापन समिती ग्रामसभेतून निवडा, आपला आराखडा लिहा आणि पोच घेऊन कचेरीत द्या. बाबासाहेबांनी आपल्याला सहीचे महत्त्व शिकवले. घटनेवर सही झाली म्हणून अंगठेबहाद्दर समाजाच्या मताला राजाच्या मताइतकी किंमत आली. जंगलाच्या आराखड्यावर ती सही आपल्या गावाची हवी. तोपर्यंत चरात पाणी मुरेल की नाही ठाऊक नाही, पण पैसा नक्कीच मुरेल.

जय भीम! जय जोहार!