विश्लेषण : साहेबाच्या जाचाविरुद्ध दाद कुठे मागायची?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. वरिष्ठाकडून मानसिक छळ झाला, तक्रार करूनही दखल घेतली गेली नाही, असा आरोप चिठ्ठीत होता. उपवनसंरक्षकाला अटक झाली. मात्र कार्यालयीन जाचावर वेळीच दाद मागण्याची वाट अजूनही अरुंद आहे.

कायदा काय सांगतो?
२०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या महिलांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार ३ महिन्यांत करावी लागते.

त्रुटी कुठे?
हा कायदा महिलांच्या लैंगिक छळापुरताच आहे. चारचौघांत अपमान, शिवीगाळ, रजेची अडवणूक यांसाठी स्वतंत्र कायदा नाही. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा लागतो तो जीव गेल्यावर. सरकारी कार्यालयात तक्रार वरिष्ठांच्याच साखळीतून जाते आणि गोपनीय अहवालही साहेबच लिहितात. त्यामुळे अनेक जण गप्प बसतात.

काय करावे?
तक्रार लेखी द्यावी, पोहोच घ्यावी, आदेश व मेसेज जपून ठेवावेत. मन खचल्यास ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.