संगणकाचा फेरफारही चावडीवर यावा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या दिशेने निघाले की शेंद्रा औद्योगिक वसाहतीनंतर करमाड लागते. कापूस आणि मका पिकवणाऱ्या या पट्ट्यात गेल्या दीड दशकात मोठे स्थित्यंतर घडले. भूसंपादन झाले, रुंद रस्ते आले, कारखाने उभे राहिले. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर ‘ऑरिक’ हे औद्योगिक नगर वसवण्याचे काम सुरू झाले आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. ज्या परिसरात जमिनीचे मोल असे झपाट्याने वाढते, तेथे एका कागदाचे महत्त्व कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तो कागद म्हणजे फेरफार.

जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्याची नोंद धरतात. परंतु नोंद धरली म्हणजे काम संपले असे होत नाही. त्या नोंदीची सूचना चावडीवर लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते आणि त्यानंतरच ती प्रमाणित होते. जमीन ज्याची त्याचीच राहते, त्याच्या बांधावर कोणी येत नाही. नोंदीची प्रक्रिया मात्र सर्वांसमक्ष होते. किंबहुना प्रक्रिया उघडी असते म्हणूनच मालकी सुरक्षित राहते. जी नोंद गुपचूप होते, तिच्याविषयी गावाला संशय येतो आणि बहुतेक वेळा तो संशय खरा ठरतो. हे साधे ग्रामीण शहाणपण संगणकाच्या बाबतीत मात्र आपला समाज पार विसरून गेला आहे.

आज करमाडसारख्या गावातील सेवा केंद्रात असो वा शहरातील मध्यमवर्गीय घरात असो, कुटुंबाचे सारे जीवन संगणकाच्या पडद्यावरून वाहत असते. सातबारा, आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचे खातेपुस्तक, पीकविम्याचा अर्ज, मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे, आजोबांच्या तपासणीचे अहवाल हे सर्व त्यातच असते. या सर्वांच्या मुळाशी एक आज्ञावली अखंड चालू असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कार्यप्रणाली, म्हणतात. कळफलकावर दाबलेले प्रत्येक अक्षर, उघडलेली प्रत्येक फाईल, जोडलेला प्रत्येक छपाईयंत्र आणि इंटरनेटवर गेलेला प्रत्येक संदेश तिच्या हातातूनच पुढे जातो. वाड्याच्या दिंडी दरवाजावर बसलेल्या पहारेकऱ्यासारखी तिची स्थिती आहे. पहारेकरीच कोणाला काय सांगतो हे धन्याला ठाऊक नसेल, तर आतल्या खोल्यांना लावलेली कुलुपे व्यर्थ होत.

या कार्यप्रणाली दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला वाचता येण्याजोगा मजकूर, कंपनीच्या तिजोरीत बंद असतो. ग्राहकाला मिळते ती केवळ यंत्राला कळणारी प्रत आणि ती वापरण्याचा परवाना. विंडोज हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. दुसऱ्या प्रकारात संहिता सर्वांसाठी खुली असते. कोणीही ती वाचावी, तपासावी, आपल्या गरजेनुसार बदलावी आणि इतरांना द्यावी. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. त्यातून ही दुसरी परंपरा उभी राहिली. पहिली बंद दाराआड झालेली नोंद आहे, तर दुसरी चावडीवर लावलेली.

बंद संहितेवर आक्षेप घेण्यास आधार आहे का? आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेदरलँड्‌सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने विंडोज १० विषयी निष्कर्ष काढला की, संगणकाच्या वापराची कोणती माहिती गोळा केली जाते आणि ती कशासाठी वापरली जाते, हे कंपनी ग्राहकाला स्पष्टपणे सांगत नाही. त्यानंतर कंपनीने काही बदल केले. मे २०२४ मध्ये त्याच कंपनीने ‘रिकॉल’ नावाची सुविधा जाहीर केली. संगणकाच्या पडद्याची चित्रे थोड्या थोड्या वेळाने आपोआप टिपून साठवायची, म्हणजे ग्राहकाला मागचे काहीही शोधता येईल, अशी ती कल्पना. सुरक्षातज्ज्ञांनी टीकेची झोड उठवल्यावर ती पुढे ढकलण्यात आली आणि ग्राहकाने स्वतः चालू केली तरच चालेल, असा बदल झाला. कंपनीने टीका ऐकली हे मान्यच केले पाहिजे. तथापि मूळ प्रश्न तसाच राहतो. कंपनीने सांगितले म्हणून विश्वास ठेवायचा, यापलीकडे ग्राहकाच्या हाती काय आहे? आश्वासनाला पडताळणीची जोड नसेल, तर त्याचे मोल ते देणाऱ्याच्या मर्जीइतकेच.

हा प्रश्न एका कंपनीच्या हेतूपुरता मर्यादित नाही. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या दस्तऐवजांत अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या ‘प्रिझम’ कार्यक्रमाच्या संदर्भात मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲपल आदी कंपन्यांची नावे होती. आपल्या सर्व्हरवर थेट प्रवेश दिल्याचे या कंपन्यांनी नाकारले. परंतु २०१८ च्या अमेरिकी ‘क्लाउड’ कायद्यानुसार तेथील कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असली, तरी तेथील यंत्रणा रीतसर आदेशाने ती मागू शकतात. कंपनी कितीही सज्जन असली तरी तिला तिच्या देशाचा कायदा पाळावाच लागतो. जुलै २०२५ मध्ये याचीच दुसरी बाजू भारताने अनुभवली. युरोपीय संघाने निर्बंध लादताच गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या ई-मेलसह काही सेवा मायक्रोसॉफ्टने बंद केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. प्रकरण कार्यप्रणालीचे नव्हते हे खरे. पण भारतीय भूमीवरील उद्योगाचा पत्रव्यवहार परक्या भूमीवरील निर्णयाने थांबू शकतो, हे त्यातून दिसले. ज्याच्या हाती बंद करण्याची कळ असते, त्याच्याच हाती पाहण्याची खिडकीही असू शकते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. संहिता सर्वांना दिसते म्हणजे चोरालाही दिसते, मग ती सुरक्षित कशी? याचे उत्तर १८८३ सालीच ऑग्युस्त केर्कहॉफ्स या गूढलेखनाच्या अभ्यासकाने देऊन ठेवले आहे. सुरक्षा कुलुपाची रचना लपवण्यावर नव्हे, तर किल्ली गुप्त राखण्यावर अवलंबून असावी, हे त्यांचे तत्त्व आजही प्रमाण मानले जाते. मुक्तस्रोत म्हणजे माहिती मुक्त नव्हे. कुलुपाची रचना तपासायला सर्वांना मोकळीक असते; घरातील चीजवस्तू मात्र घरातच राहतात.

अर्थात मुक्तस्रोत हा काही मंत्र नव्हे. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एक्सझेड’ या छोट्या आज्ञावलीत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. त्यासाठी त्या अज्ञात व्यक्तीने दोनएक वर्षे सहकार्याचा देखावा करून विश्वास संपादन केला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले, त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि जगभरातील असंख्य संगणक वाचले. योगायोग असा की हा अभियंता मायक्रोसॉफ्टमध्येच नोकरीला होता. या घटनेतून दोन्ही धडे घ्यायला हवेत. चावडीवर सूचना लागली, पण ती वाचायला कोणी गेलेच नाही, तर खोटी नोंदही प्रमाणित होते. मात्र सूचनाच लागली नसती, तर फ्रॉइंड यांच्यासारख्या बाहेरच्या माणसाला ती वाचण्याची संधीच मिळाली नसती.

मोबाइलच्या बाबतीतही गैरसमज नको. बहुसंख्य घरांतील अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असला, तरी त्यावर बसवलेल्या गूगलच्या अनेक सेवा बंद संहितेच्या आहेत. पाया उघडा असला म्हणून माडी उघडी असतेच असे नाही. तसेच, कार्यप्रणाली कितीही चोख असली तरी सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर गावकऱ्यांच्या आधारकार्डांच्या प्रती महिनोन्‌महिने पडून राहत असतील, तर दोष यंत्राला देता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. तो अधिकार परकीय कंपनीविरुद्ध जितका आहे, तितकाच स्वकीय शासनासमोर आणि शेजारच्या दुकानदारासमोरही आहे.

भारताला या क्षेत्रात स्वावलंबन नवे नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. त्याच सी-डॅकने २००७ साली लिनक्सवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली आणली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. २०१५ साली केंद्र शासनाने मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही उबुंटूवर आधारलेली प्रणाली स्वीकारल्याचे वृत्त आले. सीमेचे रक्षण करणाऱ्यांना जे आवश्यक वाटते, ते घराचे रक्षण करणाऱ्यांना अनावश्यक का वाटावे?

याचे उत्तर सवयीत आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधींना संगणक शिकवला, हे उपकार मोठे आहेत. परंतु त्या पिढीच्या मनात संगणक म्हणजेच विंडोज हे समीकरणही पक्के झाले. शिवाय बोटांचे ठसे घेणारी अनेक यंत्रे आणि डिजिटल स्वाक्षरीची काही साधने वर्षानुवर्षे त्याच प्रणालीला डोळ्यांपुढे ठेवून बनवली गेली. त्यामुळे सेवा केंद्रचालकाने मनात आणले, तरी पर्याय निवडणे त्याला सोपे नव्हते. केरळने मात्र शाळांपासून आरंभ केला. २०१९ पर्यंत तेथील २ लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुक्तस्रोत प्रणाली वापरण्याची व्यवस्था झाली होती. तेथील तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांशी वैचारिक मतभेद तीव्र असले, तरी चांगले ते घेण्यात कमीपणा नसतो.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. सचोटीची शिकवण देणाऱ्या कितीतरी घरांतील संगणकांवर विकत न घेतलेली, कोणीतरी फुकट टाकून दिलेली विंडोजची प्रत चालू असते. ती चोरी तर आहेच; पण अशा प्रतीबरोबर कोणता हेर घरात शिरला, हेही कोणी सांगू शकत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आहे आणि अनेक जुन्या संगणकांवर नवी आवृत्ती अधिकृतपणे चढत नाही. असे संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसवता येते. त्यासाठी परवान्याचे शुल्क नाही आणि चोरीचा डागही नाही.

यास्तव कामाची दिशा स्पष्ट आहे. शासनाकडे मागणी करावी ती ही की, जनतेच्या कागदपत्रांना हात लावणारी प्रत्येक सुविधा आणि उपकरण लिनक्सवरही चाललेच पाहिजे. शाळांच्या संगणक कक्षांत मुलांना दोन्ही प्रणालींचा परिचय व्हावा. आणि संगणक जाणणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील एका घराची, एका वाचनालयाची वा एका शाळेची जबाबदारी घ्यावी. आधी सर्व फाईलींची प्रत वेगळी काढून ठेवावी, छपाईयंत्र आणि मराठी टंकलेखन चालते याची खात्री करावी, मगच प्रणाली बदलावी. नंतरचे दोन महिने हाकेला जावे. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसतो तो प्रणालीमुळे नव्हे, तर अडचण आल्यावर विचारायला जवळ कोणी नसते म्हणून. ती उणीव माणूसच भरून काढू शकतो.