पेशीतला हिशेबतपासनीस

गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या घशातील गाठीवर किरणोपचार झाले. आमच्या घरात त्याला ‘लाईट देणे’ म्हणतात. मी रोज तिच्याबरोबर जात असे. एकदा ती म्हणाली, “अरे, लाईट सगळ्या गाठीला सारखाच लागतो ना? मग काही भाग विरघळतो नि काही तसाच का राहतो?” मी पडलो कॉमर्सचा. डॉक्टरांना विचारले, तर “ते तुम्हाला कळायचे नाही” एवढेच उत्तर मिळाले. ते मला तेव्हाही पटले नाही आणि वाचन केल्यावर आज तर मुळीच पटत नाही.

कारण ही गोष्ट जमाखर्च शिकणाऱ्याला सहज कळण्यासारखी आहे. आपल्या पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. ते १९७९ साली सापडले आणि पुढची दहा वर्षे तेच कर्करोग घडवते असा समज होता. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की ते कर्करोगाला अडवते. चोर म्हणून धरलेला इसम पहारेकरी निघाला! एरवी एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याची सतत विल्हेवाट लावून त्याला कमी ठेवते. किरणांनी डीएनए तुटला की ही विल्हेवाट थांबते, पी-५३ साचते आणि पेशीचे विभाजन रोखते. आधी दुरुस्ती, ती जमत नसेल तर पेशीने स्वतःला संपवावे. हिशेब जुळेना तर पेढी बंद करायला लावणारा हा तपासनीस. कन्नड विभागातले माझे मित्र त्याला ‘लेक्कपरिशोधक’ म्हणतील.

आता मावशीचा प्रश्न. किरणांनी केलेली मोडतोड पक्की व्हायला ऑक्सिजन लागतो. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली हे मांडले. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला सुमारे अडीच ते तीन पट मात्रा लागते. गाठीत रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापलीकडे तो पोचतच नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. ऑक्सिजनच्या टंचाईतही पी-५३ जागे होते. ज्या पेशींत ते शाबूत, त्या मरतात. ज्यांत ते बिघडलेले, त्या तगतात आणि वाढतात. हे १९९६ साली प्रयोगाने दिसले. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. म्हणजे टंचाईत सचोटीच्या पेढ्या बुडतात आणि ज्यांचा तपासनीस फितूर, त्यांचे मात्र फावते. तेही नेमके तिथेच, जिथे किरणांचा जोर सर्वांत कमी!

यातले मराठीत सांगता येणार नाही असे काय आहे? पारिभाषिक शब्द नाहीत, ही सबब मला लंगडी वाटते. पी-५३ हा तर नुसता आकडा आहे. आपले प्राध्यापक रागावोत, पण अडचण भाषेची नसून सांगणाऱ्याच्या कंटाळ्याची आहे.

मी हे सारे मावशीला दुपारच्या चहाला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या गाठीला हवाच का देत नाहीत?”

मी चाट पडलो. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले होते : रुग्णाला जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवून किरण दिले होते. आणि डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगावर किरणांबरोबर निमोराझोल हे औषध देतात, ते ऑक्सिजनची उणीव थोडीफार भरून काढते म्हणून.