ऊब : पसंतीची की परवडणारी?

हिवाळ्यात घर किती अंशांपर्यंत गरम ठेवावे, हा युरोप-अमेरिकेत गेली पन्नास वर्षे राजकारणाचा विषय होऊन राहिला आहे. २ फेब्रुवारी १९७७ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि नागरिकांनी आपली घरे दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १८ आणि १३ अंश सेल्सिअसवर, ठेवावीत असे आवाहन त्यांनी केले. २०२२ मध्ये रशियाचा वायू आटताच जर्मनीने सार्वजनिक कार्यालयांवर १९ अंशांची मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान १८ अंशांखाली जाऊ नये, असे सांगून ठेवले आहे. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. घराच्या भिंतीवर एक कळ आहे, आणि ती फिरवणाऱ्याला स्वतःची अशी एक पसंती आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे अशी कळ नाही. थंडी मात्र आहे. विदर्भाची ओळख उन्हाळ्याची असली, तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, हे विसरून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गावोगाव शेकोट्या पेटतात, गोधड्यांवर गोधड्या पडतात आणि न्हाणीघरापाशी बंबाचा धूर दिसू लागतो. पूर्वीची धाब्याची, जाड मातीच्या भिंतींची घरे दिवसाची ऊब रात्रीसाठी राखून ठेवीत. त्यांच्या जागी आलेली टिनपत्र्याची घरे मे महिन्यात भाजतात आणि जानेवारीत गारठतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर क्षेत्र एवढाच हिशेब २०१६ पासून मांडला गेला. एवढ्या रकमेत भिंतीची जाडी हा विचाराचा विषय होणे कठीणच.

ग्राहक काय निवडतो यावरून त्याची पसंती ओळखावी, असा सिद्धांत पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडला. विद्यार्थ्यांना तो शिकवणे सोपे आहे, कारण त्यात मनात डोकवावे लागत नाही. पण निवड ज्या मर्यादांत झाली त्या मर्यादा नजरेआड केल्या, तर नाइलाजालाच पसंती म्हटले जाते. ‘खेड्यातल्या माणसाला थंड पाण्याने आंघोळ आवडते, त्याचे शरीर काटक असते’ हे वाक्य शहरात सहज उच्चारले जाते, ते याच घोटाळ्यातून. त्या माणसाला कढत पाण्याची एक बादली किती महाग पडते, हे आधी पाहिले पाहिजे.

हिशेब अवघड नाही. अठरा लिटरची एक बादली १५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४५० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत हे अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिटे आणि महिन्याला साठाच्या वर युनिटे केवळ आंघोळीची होतात. ज्या घराचा एरवीचा वापर ८० युनिटांच्या आसपास असतो, ते घर पाण्यात बुडवायचा हीटर लावताच १०० युनिटांची रेषा ओलांडते, आणि महावितरणच्या दरपत्रकात त्या रेषेपलीकडचे युनिट बरेच महाग आहे. जानेवारीच्या बिलाचा धक्का असतो तो याचा. स्मार्ट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. परंतु शाळेला आणि कचेरीला जाणाऱ्यांची आंघोळ नऊच्या आत उरकलेली असते.

उरतो गॅस. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यातल्या स्वयंपाकघरात पोहोचला, ही लहान गोष्ट नव्हे. लाभार्थींना सिलिंडरमागे २०२२ मध्ये २०० आणि २०२३ मध्ये ३०० रुपयांचे अनुदानही मिळू लागले. परंतु गॅस चहाला आणि भाजीला. आंघोळीच्या पाण्याला नव्हे, अशी शिस्त बहुतेक घरांनी स्वतःच लावून घेतली आहे. पाण्याला लागतात त्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की उभी पऱ्हाटी उपटायची, वाळवायची आणि घराच्या मागे किंवा गोठ्याशेजारी रचून ठेवायची, ही कापूसपट्ट्यातील जुनी रीत. हे इंधन बाजारात विकत घ्यावे लागत नाही, म्हणून ते फुकट समजले जाते.

ते फुकट नाही. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेचा फार थोडा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे वर सांगितलेल्या एका बादलीला किलोभर काड्या सहज लागतात. ते जळण उपटणे, वाहणे, मोडणे आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून फुंकणे हे काम बहुधा घरातील स्त्रीकडे असते, आणि तिच्या श्रमाची मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. धुराचा पहिला वाटाही तिचाच. शिवाय या ढिगाची आणखी एक किंमत आहे, जी थेट शेतातून वसूल होते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. तेव्हापासून कृषी विभाग आणि विद्यापीठे दरवर्षी सांगत आहेत की कापसाचा हंगाम डिसेंबरअखेर संपवावा आणि पऱ्हाट्या रचून ठेवू नयेत, कारण त्यांवरील किडक्या बोंडांत अळी दडून राहते व पुढच्या पिकावर उतरते. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. मात्र ज्या ढिगाला शास्त्रज्ञ किडीचे आश्रयस्थान म्हणतो, तोच ढीग त्या घराचा हिवाळ्याचा आणि पावसाळ्याचाही इंधनसाठा असतो. तो जाळून टाका किंवा यंत्राने बारीक करून मातीत गाडा असे सांगणाऱ्याने आंघोळीच्या पाण्याचे काय, याचे उत्तर दिलेले नाही. एका घराची ऊब शेजारच्या शिवाराचे नुकसान ठरते, आणि दोन्ही बाजूंना एकच शेतकरी उभा असतो.

पण ऊब हवीशी वाटण्याचा सर्वांत कठीण प्रसंग घरात येतच नाही. तो रात्री शेतात येतो. रब्बीचा गहू नोव्हेंबरच्या मध्यास पेरला, तर त्याला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचे पाणी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागते. कांडी धरण्याच्या वेळचे डिसेंबरअखेर आणि फुलोऱ्याचे जानेवारीत. गव्हाला थंडी मानवते, त्यामुळे शेतकरी थंडी पडावी अशीच इच्छा करतो. मात्र शेतीपंपांना वीज मिळते ती दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास, अशी आळीपाळीने. रात्रीची पाळी आली की पिकाची गरज आणि थंडीचा कडाका नेमके एकाच वेळी गाठतात. मध्यरात्री गार पाण्यात आणि चिखलात अनवाणी उभे राहून बारे मोडायचे, साप-विंचवाचे आणि रानडुकरांचे भय बाळगायचे. ज्या जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, तेथे अस्वल आणि बिबट्याची धास्तीही नवी नाही. या शेतकऱ्याला कोणते तापमान पसंत आहे, हे विचारण्याचे धाडस सॅम्युएलसननेही केले नसते.

रात्रीच्या या विजेमागे एकेकाळी तर्क होता. दिवसा कारखाने आणि शहरे वीज ओढतात, औष्णिक संच रात्री बंद ठेवता येत नाहीत. मग शेतीचा भार रात्रीवर ढकलावा. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण होऊ लागल्यावर हा तर्क उलटा झाला आहे, कारण आता स्वस्त वीज दुपारीच असते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे खरे महत्त्व यात आहे. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची जी योजना आली, तिच्याहून या योजनेचे मोल अधिक मानले पाहिजे. मोफत मिळालेली वीज रात्री दोन वाजता आली, तर बिल शून्य झाले तरी खर्च शून्य होत नाही. तो फक्त रुपयांतून झोपेत, सांध्यांत आणि छातीत वळता होतो. दुर्दैवाने मतपेटीला बिल दिसते, पाळीची वेळ दिसत नाही.

सर्व वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडल्या जाईपर्यंत काही वर्षे जातील. तोवर आहे त्या विजेचे वाटप बदलण्यास नव्या भांडवलाची फारशी गरज नाही. दिवसा आणि रात्रीच्या पाळ्या बारमाही एकाच ठशाने फिरवण्याऐवजी, १ डिसेंबर ते ३१ जानेवारी या दोन महिन्यांत ज्या वाहिन्यांवर गहू-हरभऱ्याचे क्षेत्र अधिक आहे त्यांना दिवसाची पाळी आधी द्यावी, आणि ज्यांच्यावर ओलिताची निकड कमी आहे त्यांना रात्रीची. पेरणीचे आकडे कृषी विभागाकडे असतात, वाहिन्यांचे महावितरणकडे. तालुक्याच्या ठिकाणी ही दोन कार्यालये एकमेकांपासून फार दूर नसतात. नोव्हेंबरात पेरणी आटोपताच त्यांनी एकत्र बसून पाळीपत्रक ठरवले, तर गव्हाचे पहिलेच पाणी दिवसाउजेडी देता येईल.